डोळ्याखालचं झाड

संत्र्याचं रोप घेताना आपण जातीचं नाव विचारतो. बिया किती, साल सुटी आहे का, फळ कितव्या वर्षी धरतं, हेही विचारतो. खुंट कोणता, म्हणजे आपल्या जातीचा डोळा (कळी) ज्यावर कलम करून बसवला ते खालचं मुळांचं रोप कोणतं, हे शंभरात एखादाच विचारतो आणि त्यालाही बहुतेक वेळा 'चांगला आहे' एवढंच उत्तर मिळतं. वास्तविक झाड किती उंच जाणार, मुळाशी पाणी साचलं तर तग धरणार की खोडातून डिंक ओघळणार, फळाची साल पातळ निघणार की जाड, रस गोड लागणार की पाणचट, यातल्या निम्म्याअधिक गोष्टी जमिनीलगतच्या त्या वीतभर खोडात ठरून गेलेल्या असतात. डोळा भरला त्याच्या वरचं झाड आपण हौसेने निवडतो. जन्मभराची गाठ असते ती खालच्याशी.

मला लहान झाडं आवडतात, आणि त्यात काव्यबिव्य काही नाही. शिडीवर चढायचं, एका हाताने फांदी धरायची, दुसऱ्या हाताने कात्री चालवायची आणि काटा नेमका मनगटाच्या आतल्या नाजूक कातडीत घुसायचा, हा प्रकार ज्याने केला आहे त्याला उंच झाडाचं कौतुक फार दिवस टिकत नाही. शेंड्याची फळं पाखरांच्या नावाने सोडून द्यावी लागतात. फवारणी करावी तर औषध पानांपेक्षा आपल्याच अंगावर जास्त येतं.

पण मुख्य कारण वेगळं आहे. एखाद्या जुन्या, डेरेदार झाडाच्या आत वाकून शिरा आणि वर बघा. बाहेरून तो हिरवागार घुमट असतो. आत नुसत्या वाळक्या काटक्या, कोळ्यांची जाळी आणि अंधार. फळं लागतात ती बाहेरच्या हातभर-दोन हात जाडीच्या कवचात, जिथे ऊन पोचतं. मधला सगळा भाग म्हणजे त्या कवचाला तोलून धरणारं लाकूड. झाड जसजसं मोठं होतं तसतसा हा आतला रिकामा भाग वाढत जातो, आणि त्याला पाणी नि खत मात्र आपणच पुरवत असतो. दोन मीटर व्यासाच्या झाडात असा रिकामा गाभा जवळपास नसतोच. अख्खं झाड फळ धरतं. म्हणूनच खुंटांची तुलना करणारे लोक एका झाडावर किती किलो फळ आलं एवढ्यावर थांबत नाहीत. झाडाच्या एका घनमीटर विस्तारामागे किती किलो आलं, ते पाहतात. या दुसऱ्या मोजमापात ठेंगणी झाडं भल्या-भल्यांना मागे टाकतात.

मग छाटून लहान ठेवावं की, असं कुणीही म्हणेल. छाटा. लिंबूवर्गातली फुलं बहुतेक फांद्यांच्या टोकांकडच्या नव्या फुटीवर येतात, म्हणजे छाटणीत पहिल्यांदा जातो तो पुढचा बहारच. आणि खालचा खुंट जोमदार असेल तर तो गप्प बसत नाही. छाटलेल्या जागेखालून सरळसोट, काटेरी, फळाच्या नावाने शून्य असे पाणसोट वर काढतो. ही दरवर्षीची कुस्ती आहे आणि तिच्यात झाड जिंकतं. उंची कमी हवी असेल तर ती मुळापासूनच कमी असायला हवी.

गणित सोपं आहे. सहा बाय सहा मीटरवर लावलं तर हेक्टरी २७७ झाडं बसतात. चार बाय दोनवर १२५०. एकेक झाड कमी देणार हे उघड आहे, पण लहान झाडं आपली नेमून दिलेली जागा काही वर्षांतच भरून काढतात, तर मोठ्या झाडांच्या बागेत तोवर दोन ओळींच्या मधे गवतच वाढत असतं. ज्याच्याकडे हेक्टर नाही, नुसतं अंगण किंवा मोठी कुंडी आहे, त्याला तर हे गणितही मांडावं लागत नाही.

सफरचंदवाल्यांना हे सुख कधीचं मिळालं आहे. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंगच्या संशोधन केंद्रात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ठेंगण्या खुंटांची नीट वर्गवारी झाली आणि एम-९ सारखा खुंट जगभर गेला. आज सफरचंदाची नवी बाग म्हणजे तारेला बांधलेल्या बारीक झाडांची रांग. संत्र्याच्या बाबतीत असं झालं नाही, कारण संत्रावाल्यांनी खुंट निवडला तो झाड लहान व्हावं म्हणून नव्हे, झाड मरू नये म्हणून.

हा इतिहास जरा बघण्यासारखा आहे. पूर्वी संत्री बियांपासूनच वाढवत. तशी झाडं काटेरी, उंच आणि फळाला आणायला बरीच वर्षं घेणारी. एकोणिसाव्या शतकात डिंक्या रोगाने, म्हणजे मुळं आणि बुंधा कुजवणाऱ्या फायटोप्थोराने, अशा बागा उठवल्या. त्यावर उपाय सापडला तो आंबट संत्र्याच्या खुंटाचा. त्याची मुळं हा रोग बऱ्यापैकी सोसतात, फळाची प्रतही उत्तम येते. लोक निर्धास्त झाले. एकाच खुंटावर खंडच्या खंड उभे राहिले.

आणि मग ट्रिस्टेझा आला. मावा पसरवतो तो हा विषाणू. त्याची खोड विचित्र आहे. आंबट संत्रा आपल्या मुळांवर असेल तर त्याला फारसं काही होत नाही. गोड संत्र्यालाही आपल्या मुळांवर तो बहुधा मारत नाही. मरतो तो दोघांचा जोड. कलमाच्या सांध्याखाली, खुंटाच्या सालीतल्या अन्न वाहून नेणाऱ्या पेशी मरतात, पानांत तयार झालेली साखर खाली उतरत नाही आणि मुळं उपाशी मरतात. वरचं झाड काही काळ बरं दिसत राहतं, कारण पाणी अजून चढत असतं. मग पानं पिवळी पडतात, झाड फळांनी लगडतं आणि वाळतं. १९३०च्या दशकापासून अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये या रोगाने लाखोंनी झाडं गेली. ब्राझीलने आपला मोर्चा रंगपूर लिंबाच्या खुंटाकडे वळवला. हा खुंट ट्रिस्टेझा सोसतो, कोरड सोसतो, लवकर फळावर येतो. पुन्हा सगळी मदार एकावर. विसावं शतक संपता संपता त्याच रंगपुरावरची झाडं तिथे अचानक वाळू लागली, आणि त्या नव्या रोगाचं नावच 'सडन डेथ' पडलं. तेव्हापासून कुणी 'हाच खुंट सर्वोत्तम' असं छातीठोकपणे सांगायला लागलं की मी दोन पावलं मागे सरतो.

ठेंगणेपणाची वाट सापडली ती एका भलत्याच झाडातून. ट्रायफोलिएट हा लिंबूवर्गातला उत्तर आणि मध्य चीनमधला भाऊबंद. बेलासारखी तीन-तीन पानं (बेलही याच कुळातला), बोटभर लांब काटे, आणि हिवाळ्यात चक्क पानगळ. फळ पिवळं, लवदार, बियांनी ठासलेलं आणि तोंडात धरवणार नाही इतकं कडू. पण हे झाड उणे वीस अंशांच्या आसपासची थंडी काढतं, ट्रिस्टेझाला दाद देत नाही, डिंक्याला पुरून उरतं आणि मुळांवरच्या सूत्रकृमींनाही बधत नाही. जपानमध्ये सत्सुमा जातीची संत्री फार पूर्वीपासून याच्यावर बांधली जातात.

अमेरिकेच्या कृषी खात्यातले वॉल्टर स्विंगल या झाडाच्या मागे लागले ते थंडीपायी. १८९४-९५च्या हिवाळ्यात फ्लोरिडातल्या बागा गोठून गेल्या होत्या, आणि गोड संत्र्यात ट्रायफोलिएटचा काटकपणा आणता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. १९०९ मध्ये त्यांच्या देखरेखीखाली वॉशिंग्टन नेव्हल या गोड संत्र्याचा या झाडाशी संकर झाला. फळं आली ती खाण्याच्या लायकीची नव्हती. ज्यासाठी केला अट्टहास ते साधलं नाही, पण त्याच रोपांतून निघालेले ट्रॉयर आणि कॅरिझो पुढे जगातल्या सगळ्यांत जास्त वापरल्या जाणाऱ्या खुंटांत गणले गेले. ग्रेपफ्रूटशी केलेला असाच एक संकर १९०७चा. तो खुंट म्हणून प्रसारित झाला १९७४ मध्ये. त्याला स्विंगल यांचंच नाव दिलं. फळझाडांच्या कामात घाई असणाऱ्याने पडू नये, हे या दोन सालांमधल्या अंतरावरून कळतं.

हे संकर मात्र झाड फार लहान करत नाहीत. लहान करतो तो ट्रायफोलिएटचाच एक वाकडा अवतार, फ्लाइंग ड्रॅगन. जपानी नाव हिर्यू. तिथे तो शोभेसाठी लावत, आणि एकदा पाहिला की का ते कळतं. प्रत्येक पेऱ्याशी खोड दिशा बदलतं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि काटे सरळ नसून खाली वळलेल्या आकड्यांसारखे असतात. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या विद्यापीठाने याची खुंट म्हणून पारख केली. यावरचं संत्र्याचं झाड साधारण अडीच मीटरच्या आतबाहेर थांबतं.

याचं वाफ्यातलं रूप मला विशेष आवडतं. लिंबूवर्गाची बी बहुधा एकटी उगवत नाही. एका बीतून दोन-तीन कोंब येतात, आणि त्यातले बहुतेक परागाशी काही संबंध नसलेले, थेट आईच्या पेशींतून तयार झालेले असतात. म्हणजे बी असूनही ते कलमाइतकेच आईबरहुकूम. खुंटांचा सारा धंदा या एका सोयीवर उभा आहे. एखाददुसरा कोंब मात्र खऱ्या संकराचा निघतो. इतर खुंटांच्या वाफ्यात तो ओळखायला डोळा तयार असावा लागतो. फ्लाइंग ड्रॅगनच्या वाफ्यात तो पुष्कळदा लहान मुलालाही ओळखता येतो, कारण असे बरेच कोंब सरळ वाढतात. वाकडी रोपं ठेवायची, सरळ उपटून टाकायची. हात धजत नाही, कारण ती सरळ रोपं शेजाऱ्यांपेक्षा उंच आणि टवटवीत दिसतात, आणि रोपवाटिकेतला आयुष्यभराचा संस्कार सांगत असतो की जोमदार ते ठेवावं. पण त्यांच्या ठेंगणेपणाची खात्री नाही, आणि ते कळायला आठ-दहा वर्षं लागतील.

वाकडं रोप पेन्सिलीइतकं जाड व्हायला, म्हणजे डोळा भरण्याजोगं व्हायला, इतर खुंटांपेक्षा पुष्कळ जास्त वेळ घेतं. हाताळताना आकडे बोटांत अडकतात ते वेगळंच. रोपवाटिकावाले याच्या नावाने नाक मुरडतात ते उगीच नाही. वाफा अडकून राहतो आणि गिऱ्हाइकाला शेजारचं दुप्पट उंच रोप दिसत असतं.

खुंट झाडाला लहान कसा करतो, याचं एका वाक्यात उत्तर नाही. अशा खुंटांतून पाणी वर जायला जास्त अडथळा होतो, वर तयार झालेली साखर खाली कमी उतरते, आणि झाड लवकर नि भरपूर फुलतं. मला यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. फळ हे झाडाचं मोठं खर्चाचं खातं आहे. ज्या झाडाने लहानपणीच त्या खात्यात टाकायला सुरुवात केली त्याच्याकडे लाकडासाठी उरतं कमी. जोडाजवळ बघितलं तर ट्रायफोलिएटचा खुंट वरच्या खोडापेक्षा ठळक जाड झालेला दिसतो, मधे चांगली पायरी पडलेली असते. नवखा माणूस ती बघून घाबरतो. तो त्या जोडाचा स्वभाव आहे, रोग नव्हे.

रोगानेही झाड लहान होतं, आणि ही गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. ट्रायफोलिएट आणि त्याच्या संकरांवर एक्सोकॉर्टिस नावाचा विकार होतो. खुंटाची साल पापुद्र्यांनी सुटते, झाड खुंटतं. कारण असतं व्हायरॉइड, विषाणूपेक्षाही साधा, नुसता आरएनएचा कडीसारखा तुकडा. ऑस्ट्रेलियात लोकांच्या लक्षात आलं की अशातल्या काही सौम्य व्हायरॉइडने साल बिघडत नाही, झाड फक्त लहान राहतं आणि विस्ताराच्या मानाने फळ चांगलं देतं. मग तिथे मुद्दाम लागण केलेल्या झाडांच्या दाट बागा उभ्या राहिल्या. डोकं लढवलं याबद्दल दाद द्यावी, पण माझं मन यात रमत नाही. व्हायरॉइड कात्रीवरून, चाकूवरून एका झाडावरून दुसऱ्यावर जातं. स्पिरिटने पुसून किंवा आगीवरून पाते फिरवून त्याचा भरवसा नाही, ब्लीचच्या पाण्यातच हत्यार बुडवावं लागतं. आणि आज सौम्य असलेलं उद्या दुसऱ्या कशाच्या संगतीत कसं वागेल, याची हमी कोण देणार? लहान झाड बघून हरखून जाण्याआधी ते कोणत्या कारणाने लहान आहे हे विचारावं, आणि कलमाचे डोळे तपासून रोगमुक्त ठरलेल्या झाडांवरचे आहेत का, हेही.

आता निवडीचं. इथे बहुतेकांची नजर थेट फ्लाइंग ड्रॅगनवर जाते, आणि इथेच जमीन आडवी येते. ट्रायफोलिएटला किंचित आम्ल, ओल धरणारी, कसदार जमीन लागते. चुनखडीत त्याला लोह उचलता येत नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं चित्र दिसायला लागतं. खारं पाणीही त्याला सोसत नाही. सामू (पीएच) आठच्या घरात असलेल्या जमिनीत फ्लाइंग ड्रॅगन लावला तर झाड लहान राहील यात शंका नाही, पण त्याला ठेंगणं म्हणू नये. ते खुरटलेलं झाड. ठेंगण्या झाडाची पानं गडद असतात, पेरी आखूड असली तरी फूट वेळेवर येते, आणि फळ लगडतं. खुरटलेल्या झाडावर फळही खुरटंच.

त्यामुळे मी आधी माती तपासायला सांगतो, मग पाणी, आणि खुंटाचं नाव शेवटी. हलक्या, निकस जमिनीत जरा जोमाचा खुंट घेतला तरी झाड मध्यमच राहतं. जमिनीनेच निम्मं काम केलेलं असतं. भारी, सुपीक जमिनीत मात्र जंबेरीसारखा दांडगा खुंट घेणं म्हणजे पुढे शिडी आणि करवत दोन्ही घरात ठेवण्याची तयारी. जंबेरीवर झाड झपाट्याने वाढतं, रेताड जमिनीत त्याला तोड नाही, पण फळ जाड सालीचं आणि चवीला फिकं येतं. ट्रायफोलिएटच्या गोतातल्या खुंटांवर फळ थोडं लहान भरलं तरी रस दाट आणि गोड असतो. घरी खाण्यासाठी लावणाऱ्याने एवढ्या एका मुद्द्यावरही निर्णय घ्यायला हरकत नाही.

अगदी ठेंगणं नको, पण शिडीही नको, असं म्हणणाऱ्यांसाठी मधली वाट आता बरीच रुंद झाली आहे. रिव्हरसाइडचा सी-३५ हा सिट्रेंज (गोड संत्रा आणि ट्रायफोलिएट यांचा संकर) कॅरिझोच्या साधारण पाऊणपट झाड देतो. चुनखडीत तोही रुसतो. क्लिओपात्रा मँडरिन आणि फ्लाइंग ड्रॅगन यांच्या संकरातून अमेरिकी कृषी खात्याने काढलेला यूएस-८९७ झाड लहान ठेवतो. स्पेनमधल्या वालेन्सियाजवळ मोंकादा इथल्या संशोधन संस्थेतून आलेल्या फोर्नर-अल्काइदे मालिकेत ४१८ क्रमांकाचा खुंट खरोखर ठेंगणा आहे, तर ५ क्रमांकाचा चुना आणि क्षार अधिक सोसणारा. माझा कल मधल्या वाटेकडेच आहे. ठेंगण्या झाडाची मुळं उथळ आणि थोडी असतात, त्याला चूक पचवण्याइतकी ताकद नसते. उन्हाळ्यात चार दिवस पाणी हुकलं तर जंबेरीवरचं झाड मान टाकून परत उभं राहतं, फ्लाइंग ड्रॅगनवरचं फळं टाकून देतं. ठिबक, मुळांवर आच्छादन आणि तणाचा बंदोबस्त जमणार असेल तरच त्याच्या वाटेला जावं. शिवाय वरची जात कोणती हेही बघावं लागतं. युरेका लिंबाचं ट्रायफोलिएटशी आणि सिट्रेंजशी पटत नाही; जोड वरून धरलेला दिसतो आणि काही वर्षांनी सांध्यातच बिघडतो.

लावताना डोळ्याची जागा जमिनीपासून वीतभर तरी वर राहू द्यावी. आच्छादन खोडाला टेकवू नये. माती चढून सांधा गाडला गेला तर एक तर डिंक्याला आयतं निमंत्रण, नाहीतर वरच्या भागालाच स्वतःची मुळं फुटतात आणि इतक्या खटपटीने आणलेला खुंट बाजूला पडून झाड आपल्या मूळ उंचीला निघून जातं.

आणि पहिली दोन-तीन वर्षं आलेली फळं वाटाण्याएवढी असतानाच काढून टाकायची. ठेंगण्या खुंटावरचं रोप गुडघ्याएवढं असतानाच फुलतं, आणि त्या फुलांचं अप्रूप वाटणं साहजिक आहे. पण याच वयात त्याला फळं पोसू दिली तर ते फळंच पोसत बसतं. चौकट उभी राहत नाही, आणि पुढे दहा फळांवर त्याची मजल थांबते. त्याच सुमारास डोळ्याखालून फूट यायला लागते. खुंट जंबेरीचा असेल तर तिची पानं एकेकटी, वरच्यांसारखीच दिसणारी, म्हणून ती फूट कैकदा फळ धरेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. ट्रायफोलिएटच्या वंशात तीन पानं दिसली की समजायचं. कोवळी असताना ती बोटाने खाली ओढून बुडासकट मोडावी. कात्रीने कापली तर बुडाशी राहिलेल्या डोळ्यांतून एकीच्या जागी तीन येतात.